माहिती अधिकारात आमच्या फॉर्म्युल्याची मागणी आली तेव्हा

१८ जून २०२४, मंगळवार. दुपारी पोस्टमन खाकी पाकीट देऊन गेला. ज्या सरकारी कार्यालयातून आम्हाला भांडवली अनुदान मिळालं होतं, तिथलं ते पत्र. पुढचा हप्ता मंजूर झाला असेल म्हणून अण्णांनी उत्साहाने फोडलं, वाचलं आणि न बोलता माझ्यापुढे सरकवलं.

विषय होता : ‘केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ११ (१) अन्वये त्रयस्थ पक्षास नोटीस’. कुणीतरी माहिती अधिकारात अर्ज करून आमच्या युनिटचा ‘संपूर्ण प्रकल्प अहवाल सर्व जोडपत्रांसह’ मागितला होता. आमचं काही म्हणणं असेल तर दहा दिवसांत कळवायचं होतं.

कोल्हापूरला गोकुळ शिरगावात आमचा छोटा कारखाना आहे, अकरा माणसांचा. फौंड्रीला लागणारं कोटिंग आम्ही बनवतो. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात तेव्हा ते वाळूच्या कणांत शिरू नये, कास्टिंगचा पृष्ठभाग गुळगुळीत यावा, म्हणून साच्याला आणि कोअरला, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याला, जो लेप देतात तो. झिरकॉन किंवा ग्रॅफाइटची भुकटी, स्पिरिट, थोडी माती, थोडं रेझिन. ऐकायला सोपं वाटतं. पण कशात काय किती, आधी काय टाकायचं, किती तास मुरू द्यायचं हे बसवण्यात अण्णांची पंधरा वर्षं गेली. आणि ते सगळं, टक्क्यांसकट, त्या प्रकल्प अहवालात लिहिलेलं होतं.

का लिहिलं होतं? हा प्रश्न पुढच्या तीन महिन्यांत मला चार जणांनी विचारला. खरं उत्तर असं, की कुणी मागितलंच नव्हतं. २०२१ च्या नोव्हेंबरात आम्ही अनुदानासाठी अर्ज केला. त्यात ‘उत्पादन प्रक्रियेचे वर्णन’ असा रकाना होता. दोन परिच्छेद आणि एक आकृती एवढ्यात भागलं असतं. पण कन्सल्टंट म्हणाला, अहवाल जाड असला की साहेबांवर छाप पडते. आणि अण्णा तर रंगातच आले. रात्री जेवण झाल्यावर ते सांगत गेले आणि मी टाईप करत गेले. आपल्या कामाबद्दल कुणी एवढं सविस्तर विचारतंय याचंच त्यांना अप्रूप होतं. चौऱ्याऐंशी पानं झाली. एकाही पानावर ‘गोपनीय’ हा शब्द नव्हता.

नोटिशीवर ७ जूनची तारीख होती. अर्ज त्यांच्याकडे ३ जूनला आला होता. कायद्यात त्यांना पाच दिवस असतात, त्या हिशेबाने पत्र वेळेत तयार झालं होतं, फक्त आमच्यापर्यंत यायला अकरा दिवस लागले. माझी पहिली घाबरगुंडी इथेच उडाली, कारण ७ तारखेपासून मोजले तर दहा दिवस संपून गेले होते. नंतर कलम नीट वाचलं. मुदत नोटीस हातात पडल्यापासून मोजतात. म्हणजे २८ जून. पण ती कधी हातात पडली याचा पुरावा काय, तर ते पाकीट. अण्णांनी ते चुरगाळून टोपलीत टाकलं होतं. मी ते काढलं, सरळ केलं, पोस्टाच्या शिक्क्याचा फोटो काढला आणि फाईलला लावलं. असं पाकीट आलं तर आधी पाकीट जपा, पत्र मागाहून वाचा.

दुसरी गोष्ट मी केली ती निव्वळ वेळ घालवणारी. अर्जदार कोण, याचा शोध. नाव ओळखीचं नव्हतं, पत्ता इचलकरंजीचा. दोन रात्री मी फेसबुकवर त्या नावाची माणसं बघत बसले. शिरोलीत आमचा एक स्पर्धक आहे, त्याच्याकडे हा कामाला असेल का, त्याचा भाचा असेल का. शेवटी ज्यांच्याकडे गेले त्या वकीलबाई म्हणाल्या, ‘‘अहो, सोडा तो नाद. अर्जदाराने कारण सांगायचं नसतंच, कलम ६ (२) मध्ये तसं लिहिलंय. अर्ज नागरिकाच्या नावाने करायचा असतो, त्यामुळे मागे कंपनी असली तरी ती कागदावर दिसणार नाही. तो कोण आहे यावर तुमची केस उभी राहत नाही. तुमचं काय आहे ते बघा.’’

त्यांच्याकडे जाण्याआधी मी स्वतः एक उत्तर लिहिलं होतं. सव्वा पान. ‘सदर अहवालातील सर्व माहिती अत्यंत गोपनीय असून ती कोणासही देण्यास आमची सक्त हरकत आहे.’ बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘‘सर्व? कंपनीचं नावसुद्धा?’’

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपल्याला नोटीस येते याचा अर्थ आपल्याला नकाराचा अधिकार मिळतो असा नाही. आपलं म्हणणं ऐकलं पाहिजे, एवढंच. निर्णय जन माहिती अधिकाऱ्याचा, म्हणजे कार्यालयात हे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याचा. माहिती रोखता येते ती कलम ८ (१) (घ) खाली. व्यापारी गुपित, वाणिज्यिक विश्वासाने दिलेली माहिती, बौद्धिक संपदा, यातलं काही उघड झाल्याने आपलं बाजारातलं स्थान धोक्यात येत असेल तर. त्यातही व्यापक जनहित मोठं ठरलं तर तीही द्यावी लागते. आणि कलम ११ मध्ये एक छोटी अट दडलेली आहे : ती माहिती त्रयस्थ पक्षाने, म्हणजे आम्ही, गोपनीय मानलेली असली पाहिजे.

‘‘तुम्ही मानली होती का?’’ बाईंनी विचारलं. मी गप्प. मनात मानली होती. कागदावर कुठेच नाही.

व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही, हेही मला तेव्हाच कळलं. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात कायद्याचा मसुदा दिला आहे, पण तो मसुदाच. तोवर करार आणि न्यायालयांचे निकाल यांवरच भागवायचं. बाई कसोटी लावत होत्या ती जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेबद्दलच्या ट्रिप्स करारातल्या ३९ व्या कलमाची : माहिती खरोखर गुप्त आहे का, गुप्त असल्यामुळेच तिला किंमत आहे का, आणि ती गुप्त राहावी म्हणून तुम्ही काही केलं आहे का.

पुढचे चार दिवस मी आणि अण्णा त्या चौऱ्याऐंशी पानांपुढे बसलो. पान, ओळ, त्यात काय आहे, उघड झालं तर नेमकं काय बिघडेल, असा तक्ता करायचा होता. अण्णांना सगळंच झाकायचं होतं. मिक्सरच्या मशिनचं नावसुद्धा. मी म्हटलं, ‘‘अण्णा, त्याचा फोटो आपल्या वेबसाईटवर आहे.’’ मग ग्राहकांची यादी आली. ती तर जिवापाड जपायची गोष्ट, असं दोघांचंही मत होतं. पण मान वर केली तर समोरच्या भिंतीवर आमचंच फ्लेक्स, ‘आमचे समाधानी ग्राहक’, सतरा फौंड्र्यांच्या लोगोंसह. ती यादी आम्ही निमूटपणे तक्त्यातून काढली. कोणता ग्राहक वर्षाला किती टन घेतो आणि काय भावाने, एवढंच ठेवलं.

घटकांची नावंही तशी गुप्त नव्हती. प्रत्येक ड्रमबरोबर आम्ही सुरक्षा माहितीपत्रक देतो, त्यात घटक दिलेले असतात, प्रमाण मात्र ‘१० ते ३० टक्के’ असं ढोबळ. म्हणजे आमचं गुपित नावांत नव्हतं. ते नेमक्या टक्क्यांत, टाकण्याच्या क्रमात आणि मुरवण्याच्या वेळेत होतं. कुठे आहे हे एकदा सापडल्यावर अण्णांचाही जीव भांड्यात पडला. चौऱ्याऐंशीपैकी अकरा पानं उरली.

एक पान आम्ही आपणहून मोकळं सोडलं : स्पिरिटचा साठा किती, कुठे, आग लागली तर काय व्यवस्था. ते ज्वालाग्राही आहे, शेजारच्या शेडमध्ये माणसं काम करतात. ती माहिती झाकायला मागणं मलाच बरं वाटलं नाही. बाईंचं मत असं की ते पान सोडल्यामुळे बाकीच्या अकरांचं वजन वाढलं.

मग पुरावे. आमच्याकडे कच्च्या मालाच्या पिंपांवर नावं नसतात, आकडे असतात. ही अण्णांची जुनी पद्धत, त्याचे फोटो जोडले. मिक्सिंगवरच्या दोन माणसांशी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर केलेला गोपनीयतेचा करार होता, २०१९ चा. ज्या वहीत प्रमाणं लिहिलेली आहेत ती कपाटात कुलपात असते, किल्ली एकाकडेच, असं प्रतिज्ञापत्र. बाईंची फी साडेसहा हजार झाली, नोटरी आणि झेरॉक्सचे मिळून सातशेच्या आसपास.

२७ जूनला मी स्वतः जाऊन उत्तर दिलं. टपाल घेणारा म्हणाला, ‘‘ठेवा की टेबलावर, साहेब आले की देतो.’’ मी दुसरी प्रत पुढे केली आणि आवक क्रमांकासह शिक्का मागितला. तो जरा वैतागला, पण मारला. पुढे सुनावणीत ‘त्रयस्थ पक्षाचे म्हणणे मुदतीत प्राप्त नाही’ असा मुद्दा निघाला, तेव्हा तो शिक्काच कामाला आला.

आता वाट बघणं. असं प्रकरण असलं की अर्ज आल्यापासून चाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. चाळिसावा दिवस १३ जुलै. निर्णय ११ तारखेचा निघाला आणि आम्हाला १९ ला मिळाला. तीन ओळी : त्रयस्थ पक्षाने शासनाचे अनुदान घेतले आहे, अहवालावर गोपनीय असा उल्लेख नाही, सबब माहिती देण्यात यावी. आमच्या तक्त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. ‘‘अनुदान परत करून टाकू या का?’’ एवढंच म्हणाले. मला राग आला, पण खरं सांगायचं तर आदेशातला अनुदानाचा पहिला मुद्दा मला पटतही होता. लोकांचा पैसा घेतला तर लोकांनी विचारायलाच हवं. अनुदानाची रक्कम आणि लाभार्थी यांची माहिती तर कार्यालयाने कलम ४ खाली न मागताच जाहीर करायची असते. त्याला आमची हरकत नव्हतीच. पण अनुदान मशिनवर घेतलं होतं, अण्णांच्या पंधरा वर्षांवर नव्हे. हे वाक्य मी अपिलात घातलं होतं. बाईंनी ते खोडलं, ‘‘भावनिक आहे’’ म्हणून.

इथे एक सापळा आहे. त्रयस्थ पक्षाला पहिलं अपील करायला तीस दिवस असतात, पण ते आदेशाच्या तारखेपासून. नोटिशीसारखे हातात पडल्यापासून नव्हेत. आमचे आठ दिवस टपालातच गेले होते. शेवटची तारीख १० ऑगस्ट, त्यात तो शनिवार. आदेश मिळाला त्याच संध्याकाळी मी एक साधं पत्र ईमेलने आणि दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टाने पाठवलं : आम्ही अपील करत आहोत, मुदत संपेपर्यंत आणि अपिलाचा निर्णय होईपर्यंत कृपया प्रती देऊ नयेत. ते पाठवणं सगळ्यात महत्त्वाचं ठरलं असं मला वाटतं, कारण एकदा कागद बाहेर गेला की अपील जिंकूनही हातात काय उरणार?

त्यानंतरचा आठवडा पावसाने खाल्ला. पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, रस्ते बंद, आमचे निम्मे कामगार घरी अडकलेले. बाई ऑफिसातल्या फायली माळ्यावर चढवण्यात गुंतलेल्या. अपिलाचा मसुदा आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर केला, मध्येच वीज जायची. पाणी उतरल्यावर १ ऑगस्टला अपील दाखल केलं. वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तोवरच्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त खर्च तोच.

अपिलात मुख्य मुद्दा कलम १० चा होता. कागदाचा एक भाग देण्यासारखा नसेल तर तेवढा भाग वगळून उरलेला द्यावा, असं ते कलम सांगतं. आम्ही नुसतं ‘देऊ नका’ म्हटलं नाही, स्वतःच एक नमुना प्रत तयार करून जोडली. चौऱ्याऐंशी पानं, त्यातल्या अकरांवरच्या ठराविक ओळी झाकलेल्या, बाकी सगळं उघडं. अधिकाऱ्याला विचार करायला कमी लागला की आपलं काम सोपं होतं, हा बाईंचा अनुभव.

सुनावणी २२ ऑगस्टला, सकाळी साडेअकरा. आम्हाला आत बोलावलं तेव्हा पावणेदोन वाजले होते. डबा घेऊन जा. बाकावर माझ्या शेजारी पंचविशीतला एक मुलगा बसला होता, हातात प्लास्टिकची फाईल. तासभर आम्ही पावसाबद्दल बोललो. आत गेल्यावर कळलं, अर्जदार तोच.

माझ्या डोक्यात दोन महिने एक कारस्थानी चेहरा होता. हा म्हणाला, ‘‘साहेब, अनुदान घेऊन मशीन न आणलेली युनिटं आहेत. मी सगळ्यांचेच अहवाल मागतोय.’’ ते खरं की सांगायचं कारण, मला आजही माहीत नाही. पण त्याला मशिनची बिलं, बसवल्याचा दाखला, कामगारांची संख्या द्यायला आम्ही तयार होतो आणि तसं मी तिथेच सांगितलं. तो म्हणाला, तरी पूर्ण अहवाल पाहिजे.

अपिलीय अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘‘पान ३७ बाहेर गेलं तर तुमचं काय नुकसान होईल? रुपयांत सांगा.’’ याची तयारी बाईंनी करून घेतली होती म्हणून वाचले. मी सांगितलं : किलोमागे आम्हाला सुटतात चार-साडेचार रुपये. दुसऱ्याला ही प्रमाणं आयती मिळाली तर चाचण्यांचा खर्च त्याला नाही, तो तीन रुपयांनी खाली भाव देईल, आमचे पहिले चार ग्राहक जातील, ते चार म्हणजे निम्मी विक्री. त्यांनी ते लिहून घेतलं. नंतर तक्त्यातल्या एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. वीस-पंचवीस मिनिटं. माणूस शांतपणे वाचतोय हे बघूनच मला निम्मं बरं वाटलं.

आदेश ३० ऑगस्टचा. प्रमाणं, क्रम, मुरवण्याचा वेळ, ग्राहकनिहाय भाव हे वगळून बाकी अहवाल द्यावा. पुरवठादारांची नावं आणि मासिक उत्पादनक्षमता आम्ही मागूनही झाकली गेली नाही. क्षमतेवरच अनुदान ठरतं, त्यामुळे ते पाहण्याचा लोकांना हक्क आहे, असं कारण दिलं होतं, आणि त्यावर मला भांडता येईना. अकरापैकी सात पानांवर काळ्या पट्ट्या आल्या, चार पानं गेली.

गंमत पुढेच आहे. गणपतीच्या आधी, ५ सप्टेंबरला मी कार्यालयात गेले, अर्जदाराला द्यायची प्रत बघायला. लिपिकाने मूळ झेरॉक्सवरच जाड मार्करने ओळी खोडल्या होत्या. मी पान ३७ उचलून खिडकीकडे धरलं. उजेडात आकडा न् आकडा वाचता येत होता. त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, ‘‘च्यायला!’’ आणि हसला. मग आम्ही दोघांनी मिळून खोडलेल्या पानांची पुन्हा झेरॉक्स काढली, ती उजेडात धरून तपासली आणि तीच फाईलला लावली. झेरॉक्सचे चौदा रुपये मी दिले. पीडीएफ देणार असाल तर हे दुप्पट लक्ष देऊन करा. आकड्यावर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर कॉपी करून निघतो. छापून, खोडून, पुन्हा स्कॅन केलेलं बरं.

अर्जदाराला दुसरं अपील करायला नव्वद दिवस होते. त्याने केलं असतं तर राज्य माहिती आयोगाने आम्हालाही म्हणणं मांडायची संधी दिली असती, तशी तरतूद आहे. नोव्हेंबरभर खाकी पाकीट दिसलं की पोटात गोळा यायचा. एक आलं, ते वीज बिलाचं होतं. डिसेंबर सरला तरी आयोगाकडून काही आलं नाही.

जानेवारीत अनुदानाच्या पुढच्या हप्त्याचे कागद द्यायचे होते. या वेळी मी आधी कार्यालयात फोन करून विचारलं की प्रक्रियेचं वर्णन किती लागतं. उत्तर आलं, अर्धं पान पुरे. ते अर्धं पान लिहिलं. ग्राहकनिहाय विक्री मात्र हवीच होती, ती वेगळ्या बंद पाकिटात घातली, प्रत्येक पानावर ‘गोपनीय – व्यापारी माहिती, कलम ८ (१) (घ)’ असा शिक्का मारला, आणि मुख्य पत्रात वाक्य घातलं की जोडपत्र ‘ब’ आम्ही गोपनीय म्हणून सादर करत आहोत, ते कुणी मागितल्यास आम्हाला कलम ११ खाली कळवावे. शिक्का बनवायला दीडशे रुपये लागले.

तो शिक्का अण्णांना इतका आवडलाय, की परवा त्यांनी तो चहाच्या उधारीच्या वहीवर मारलेला सापडला.